तेजी, मंदी आणि विनाशुल्क हमी : मराठवाड्याच्या कापसातून उलगडणारा ऑप्शनच्या किमतीचा इतिहास

१/
१९५६ साली संसदेने रोखे बाजाराच्या नियमनासाठी एक कायदा केला. त्याची भाषा इंग्रजी आणि वळण वकिली होते. तरीही ‘ऑप्शन’ची व्याख्या करताना मसुदाकारांना बाजारातले देशी शब्द टाळता आले नाहीत. तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली हे चार शब्द त्या व्याख्येत पुट आणि कॉल यांच्याही आधी येतात. १९५२ च्या वायदे व्यवहार कायद्यातही हेच शब्द आहेत.

२/
आज नांदेडचा किंवा लातूरचा एखादा तरुण मोबाईलवर ‘कॉल’ आणि ‘पुट’ घेतो, तेव्हा आपण अमेरिकेतून आलेली नवी वस्तू हाताळत आहोत, असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात या वस्तूची ओळख त्याच्या पणजोबांच्या काळातील कापूस बाजाराला होती. या धाग्यात दोन प्रश्नांचा मागोवा आहे. अशा हक्काची किंमत ठरते कशी? आणि मराठवाड्यासह साऱ्या महाराष्ट्रात तीन दशके हाच हक्क किंमत न आकारता वाटला गेला, तेव्हा काय घडले?

३/
प्रथम शब्दांचा अर्थ. ‘तेजी’ म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावाने माल विकत घेण्याचा हक्क, अर्थात आजचा कॉल. ‘मंदी’ म्हणजे ठरलेल्या भावाने माल विकण्याचा हक्क, म्हणजेच पुट. ‘तेजी-मंदी’ म्हणजे दोन्ही हक्क एकत्र. हक्क घेणाऱ्यावर सौदा पुरा करण्याचे बंधन नसते. ते सर्वस्वी हक्क विकणाऱ्यावर असते. हे एकतर्फी बंधन स्वीकारण्याचा जो मोबदला विकणारा आधीच घेतो, तोच प्रीमियम.

४/
अशा हक्कांची गरज कापसाच्या व्यापारात का भासली, हे मराठवाड्याच्या नकाशावरून कळते. गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत गावराणी कापूस पिके आणि मुंबईच्या बाजारात तो ‘हैदराबाद गावराणी’ म्हणून ओळखला जाई. १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद ही गोदावरी खोऱ्याची रेल्वे नांदेडवरून धावू लागली. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. रुईच्या गासड्यांना बंदराची वाट मोकळी झाली.

५/
वाट मोकळी झाली, तसा भावाचा धोकाही दारात आला. वेचणी, जिनिंग, गासड्या बांधणे, रेल्वे, गोदी आणि गिरणी या प्रवासात आठवडे, कधी महिने जात. तेवढ्या अवधीत दूरच्या बाजारातील एका बातमीने भाव वर जाई किंवा कोसळे. मालाची मालकी जितका काळ हातात, तितका काळ ही धास्ती सोबत. तेजी आणि मंदी हे या धास्तीचे खरेदी-विक्रीयोग्य रूप होते.

६/
मुंबईत कापसाच्या संघटित वायदा बाजाराची सुरुवात १८७५ मधील बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशनपासून मानली जाते. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनने सूत्रे हाती घेतली. वायद्याच्या छायेत तेजी-मंदीचा व्यवहार फोफावला. संरक्षणासाठी मंदी घेणारा व्यापारी आणि निव्वळ पैज लावणारा सटोडिया एकाच गर्दीत उभे असत. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसत नसे. १९३९ मध्ये मुंबई सरकारने कापसातील ऑप्शनवर कायद्याने बंदी घातली.

७/
मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे मुंबईचा कायदा येथे लागू नव्हता. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५२ च्या केंद्रीय कायद्याने शेतमालातील ऑप्शनवर आणि १९५६ च्या कायद्याने रोख्यांतील ऑप्शनवर बंदी आली. कायद्याने शब्दांची व्याख्या केली ती त्यांना हद्दपार करण्यासाठीच.

८/
आता किमतीकडे वळू. नांदेडच्या परिसरात रेल्वे आली त्याच सुमारास, मार्च १९०० मध्ये, पॅरिसमध्ये लुई बाशेलिए या गणितज्ञाने सट्ट्याच्या सिद्धांतावर प्रबंध सादर केला. भावाची पुढची हालचाल यादृच्छिक मानली, तर ऑप्शनची किंमत गणिताने काढता येईल, असा त्याचा विचार होता. हा प्रबंध अर्धशतक जवळजवळ दुर्लक्षित राहिला. १९७३ मध्ये फिशर ब्लॅक, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांनी या प्रश्नाचे निर्णायक उत्तर दिले. त्याच वर्षी शिकागोत शेअरच्या ऑप्शनचा संघटित बाजार सुरू झाला. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्लॅक त्यापूर्वीच, १९९५ मध्ये निधन पावले होते.

९/
त्या उत्तराचा गाभा लातूरच्या आडत बाजारातील एका काल्पनिक उदाहरणातून समजून घेता येतो. दसऱ्याला सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,८०० रुपये आहे. संक्रांतीला तो एक तर ५,६०० होईल किंवा ४,०००. तिसरी शक्यता नाही, असे मानू. व्याज, हमाली, तोलाई बाजूला ठेवू. एका शेतकऱ्याला संक्रांतीला ४,८०० रुपयांनी विकण्याचा हक्क, म्हणजे ‘मंदी’, हवी आहे. तिची योग्य किंमत किती?

१०/
भाव चढला तर हा हक्क निरुपयोगी, कारण बाजारातच ५,६०० मिळतील. भाव पडला तर हक्काचे मोल ८०० रुपये. हक्क विकणारा आडत्या ४०० रुपये घेतो आणि त्याच दिवशी अर्धा क्विंटल सोयाबीन उसने घेऊन २,४०० रुपयांना विकून टाकतो. त्याच्या गल्ल्यात आता २,८०० रुपये आहेत.

११/
संक्रांतीला भाव ५,६०० झाला, तर अर्धा क्विंटल परत करण्यासाठी त्याला २,८०० रुपये लागतात. गल्ला रिकामा, देणेही शून्य. भाव ४,००० झाला, तर अर्धा क्विंटल २,००० रुपयांत येतो. उरलेले ८०० शेतकऱ्याला द्यायचे. पुन्हा गल्ला रिकामा, देणे शून्य. दोन्ही वाटांनी हिशेब तंतोतंत जुळतो. म्हणून मंदीची किंमत ४०० रुपये.

१२/
कोणी हा हक्क ३०० रुपयांना विकला तर? घेणारा ३०० रुपयांची मंदी आणि २,४०० रुपयांचा अर्धा क्विंटल माल घेईल. एकूण खर्च २,७००. भाव चढला तर त्याच्या मालाचे २,८०० होतील. पडला तर मालाचे २,००० आणि मंदीचे ८००, म्हणजे पुन्हा २,८००. शंभर रुपये बिनधोक नफा. असा नफा दिसताच सारे तुटून पडतात आणि किंमत ४०० वर येऊन स्थिरावते.

१३/
या हिशेबात एक गोष्ट कोठेही आली नाही : भाव चढेल की पडेल याविषयीचे मत. बाजारातील सर्वांत अनुभवी व्यापाऱ्याने चढण्याची शक्यता सत्तर टक्के सांगितली, तरी मंदीची किंमत ४०० च राहते. कारण ते मत आजच्या ४,८०० या भावात आधीच मिसळलेले असते. ऑप्शनची किंमत दिशेच्या अंदाजावर ठरत नाही. शिकाऊ खेळाडूच्या हातून सर्वाधिक वेळा निसटणारी गोष्ट हीच.

१४/
मग किंमत ठरते कशावर? संक्रांतीचे संभाव्य भाव ६,४०० आणि ३,२०० धरून पाहावे. आजचा भाव तोच, मध्यही तोच. फक्त पसारा दुप्पट. आता भाव पडल्यास मंदीचे मोल १,६००, आणि आधीच्याच रीतीने तिची किंमत येते ८०० रुपये. अनिश्चितता दुप्पट, किंमत दुप्पट. ऑप्शन म्हणजे अनिश्चिततेचा सौदा, हे विधान येथे अक्षरशः खरे ठरते.

१५/
दुसरा घटक मुदत. अनिश्चितता काळाबरोबर वाढते, पण त्याच प्रमाणात नाही; ती काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून चालू भावाच्या आसपासच्या हक्काला तीन महिन्यांसाठी ४०० रुपये पडत असतील, तर बारा महिन्यांसाठी सुमारे ८०० पडतील, १,६०० नव्हेत. याची उलट बाजू कठोर आहे. मुदत सरत येते तसा अशा हक्काचा क्षय वेगाने होतो. शेवटच्या काही दिवसांत तो उन्हातल्या बर्फासारखा वितळतो.

१६/
तिसरा घटक करारातील भाव आणि चालू भाव यांतील अंतर. ४,८०० चा माल ४,००० ने विकण्याचा हक्क स्वस्त असतो, ५,६०० ने विकण्याचा महाग. या महाग हक्कात ८०० रुपये तर हातात आलेलेच आहेत. उरलेली रक्कम काळाची आणि अनिश्चिततेची. व्याजदर हा आणखी एक घटक. या साऱ्यांतील भाव, मुदत आणि व्याज डोळ्यांना दिसतात. भविष्यातील अस्थिरता मात्र दिसत नाही. म्हणून व्यवहारात लोक उलटा प्रवास करतात : बाजारातील प्रीमियमवरून बाजाराच्या मनातील अस्थिरता वाचतात.

१७/
वरच्या उदाहरणातील ‘अर्धा क्विंटल’ हेही महत्त्वाचे. भाव एक रुपयाने हलला तर मंदीची किंमत साधारण अर्ध्या रुपयाने उलट दिशेला हलते. भाव पडत गेला की हे प्रमाण एकाकडे सरकते; चढत गेला की शून्याकडे. त्यामुळे सावध विक्रेत्याला आपला हिशेब सतत नव्याने जुळवावा लागतो. भाव अचानक कोसळला तर तेवढी उसंतही मिळत नाही. ऑक्टोबर १९८७ च्या जागतिक घसरणीनंतर शेअर बाजारांत दूरच्या पडझडीपासून संरक्षण देणारे पुट सूत्रापेक्षा महाग राहू लागले, ते या अनुभवामुळे.

१८/
आता महाराष्ट्राच्या इतिहासातील एका मोठ्या प्रयोगाकडे या चष्म्यातून पाहता येते. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. राज्यातील कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. सरकार हमीभाव देणार. विक्रीतून नफा झाला तर त्याचा वाटा शेतकऱ्याला मिळणार आणि काही भाग भाव चढउतार निधीत जमा होणार. तोटा मात्र राज्याचा.

१९/
योजनेमागील प्रेरणा खोटी नव्हती. वजनात मारले जाणे, प्रतवारीतील फसवणूक, सुगीच्या तोंडावर पाडलेले भाव हे कापूस उत्पादकाचे रोजचे अनुभव होते. ज्याला दुष्काळ झेलायचा आहे त्याने बाजारभावाचा धोकाही एकट्याने का झेलावा, हा प्रश्न न्याय्यच होता. नांदेडसारख्या कापसाच्या जिल्ह्यात निश्चित भावाचे मोल काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

२०/
पण ऑप्शनच्या भाषेत ही रचना काय होती? राज्याने प्रत्येक कापूस उत्पादकाला हमीभावाची ‘मंदी’ दिली, आणि पैशात प्रीमियम घेतला नाही. ज्या शब्दाला १९५२ च्या कायद्याने बाजारातून घालवले, तोच व्यवहार वीस वर्षांनी सरकारी खरेदी केंद्रावर वेगळ्या नावाने अवतरला. विकणारा होता राज्याचा खजिना.

२१/
प्रीमियम अजिबात नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. तो स्वातंत्र्याच्या रूपात वसूल होत होता. बाहेर भाव अधिक असला तरी शेतकऱ्याने तिकडे विकायचे नाही, हे एकाधिकाराचे कलम म्हणजे मंदीच्या बदल्यात शेतकऱ्याने सोडलेली ‘तेजी’. नफ्यातील वाट्याच्या रूपाने तिचा अंश परत मिळे, पण तो उशिरा आणि खरेदी यंत्रणेचा खर्च वजा जाऊन. शेतकरी संघटनेने योजनेतील सक्तीला विरोध केला, त्याच्या मुळाशी हीच देवघेव होती.

२२/
आणि हक्क हक्कासारखाच वागला. बाहेरचा भाव हमीपेक्षा वर गेला की कापूस चोरवाटांनी राज्याबाहेर जाऊ लागला; खाली गेला की शेजारच्या राज्यांतील कापूसही महाराष्ट्राच्या खरेदी केंद्रांवर येऊ लागला. नांदेड जिल्ह्याचा नकाशा पाहावा : किनवट, धर्माबाद, बिलोली, देगलूर हे सारे तालुके तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला लागून. बोली, सोयरीक आणि बाजारहाट सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. अशा मुलखात कागदावरच्या रेषेने कापूस अडवणे किती अवघड, हे सहज लक्षात येते.

२३/
याला केवळ अप्रामाणिकपणा म्हणणे इतिहासाला न्याय देणारे नाही. हक्क फायद्याचा असेल तेव्हा वापरावा आणि नसेल तेव्हा सोडून द्यावा, हे ऑप्शनधारकाचे स्वाभाविक वर्तन आहे. परिणाम मात्र योजनेच्या मुळावर आला. तेजीच्या वर्षांत जो कापूस निधी भरणार होता तो बाहेर जाई. मंदीच्या वर्षांत निधी रिकामा करणारा कापूस मात्र पुरेपूर आत येई. नफ्याची वर्षे उथळ, तोट्याची खोल.

२४/
१९९० च्या दशकात हमीभावावर आगाऊ वाढीव रक्कम देण्याची प्रथा पडली. वरच्या उदाहरणात ४,८०० च्या मालासाठी ५,६०० ची मंदी देण्यासारखे हे होते. अशा हक्काला विमा म्हणता येत नाही, ते थेट अनुदान होते. अनुदान देणे हा लोकशाहीतील वैध निर्णय असू शकतो. पण त्याचा खर्च अर्थसंकल्पात आधी दिसायला हवा. येथे तो तोटा म्हणून नंतर दिसू लागला. आकडे शेकडो कोटींत गेले आणि सुमारे तीन दशकांनी खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा देऊन एकाधिकार संपला.

२५/
दरम्यान बाजाराचे चक्र उलट फिरले होते. १९९५ मध्ये रोख्यांतील ऑप्शनवरची बंदी उठली. जून २००१ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकाचे आणि जुलै २००१ मध्ये निवडक शेअरचे ऑप्शन सुरू झाले. शेतमाल आणि धातूंच्या वायदा बाजारात ऑप्शन परतले २०१७ मध्ये, सोन्यापासून. तेजी आणि मंदी हे शब्द मात्र परतले नाहीत. त्यांची जागा कॉल आणि पुट यांनी घेतली होती.

२६/
सोयाबीनची कथा येथे येते. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला आणि नवे पीक येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. अनिश्चितता एवढी वाढली असताना संरक्षणाची गरजही तेवढीच वाढते. पण डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा यांसह सात शेतमालांचे वायदे आणि ऑप्शन सेबीने स्थगित केले आणि स्थगितीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. महागाईची चिंता हे त्यामागचे सर्वत्र चर्चिलेले कारण.

२७/
त्यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली. लातूरच्या खोलीत बसलेल्या विद्यार्थ्याला देशातील बड्या कंपन्यांच्या शेअरवर पुट घेता येई. त्याच्या वडिलांना मात्र कोठारातील सोयाबीनवर तसा हक्क घेता येत नव्हता. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात बाजारभाव त्याखाली राहिला. हमीभाव हाही राज्यसंस्थेने दिलेला पुटच. पण खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही, ओलाव्याच्या निकषात माल बसला नाही किंवा नंबर लागला नाही, तर हक्क कागदावर राहतो. जो हक्क मुदतीत वापरता येत नाही, त्याची किंमत शून्य.

२८/
आणि त्या विद्यार्थ्याचे काय? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजाराच्या वायदे आणि ऑप्शन व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. वरच्या हिशेबातून याची एक बाजू उलगडते. दिशेचा अंदाज बरोबर आला तरी प्रीमियममध्ये भरलेली अनिश्चितता प्रत्यक्षात उतरली नाही, किंवा हालचाल मुदतीनंतर झाली, तर घेणारा हरतो. त्यावर दलाली आणि कर वेगळेच. विकणाऱ्याचा नफा बहुतेक दिवशी छोटा आणि सोपा; एखाद्या दिवशीचा तोटा मात्र सारे धुऊन नेणारा.

२९/
कापसाच्या खरेदी केंद्रापासून मोबाईलच्या पडद्यापर्यंतच्या या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न विचारता येतात. हक्क कोणाकडे आहे? बंधन कोणावर आहे? आणि त्या बंधनाची किंमत कोणी, केव्हा आणि कोणत्या रूपात दिली? एकाधिकार योजनेत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे कोणी मोठ्याने दिले नाही. मोबाईलवर शंभर-दोनशे रुपयांना मिळणारा आठवडाभराचा कॉल घेतानाही ते क्वचितच कोणी शोधते.

३०/
हमीभावाची घोषणा होते तेव्हाही हेच तीन प्रश्न लागू पडतात, आणि ते विचारणे शेतकऱ्याच्या विरोधात जाणे नव्हे. उलट, ज्या हमीचा खर्च आधी मोजून बाजूला ठेवला आहे, तीच पडत्या वर्षी पाळली जाण्याची शक्यता अधिक. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनचे कट्टे घेऊन लातूरच्या मोंढ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला प्रीमियमचे सूत्र ठाऊक नसेल. पण संक्रांतीपर्यंत थांबण्याची ऐपत असणे आणि नसणे यांतील अंतर किती रुपयांचे, हे त्याला नेमके माहीत असते.

(धागा समाप्त)